कासवगुरुजींची रजा

तळ्याकाठच्या वडाला पहिली पारंबीही फुटली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानातली लग्नं, बारशी, तेरावी कासवगुरुजीच करत आणि रोज सकाळी वडाखाली प्रवचनही देत. वीस वर्षांत त्यांनी एकही सुट्टी घेतली नव्हती.

एकदा खारीच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली आणि गुरुजी वधूवरांना म्हणाले, "मृतात्म्यास शांती लाभो." नवरदेव घाबरून झाडावर चढला.

म्हातारी म्हैस गुरुजींना बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही थकलात. दोन महिने पलीकडच्या तळ्यावर जाऊन पडा."

"आणि माझ्यावाचून इथलं कसं व्हायचं?"

"होईल कसंतरी. निदान नवरदेव तरी पळणार नाहीत."

गुरुजी रुसूनच गेले. पहिले आठ दिवस त्यांनी तिथल्या कमळांनाच प्रवचन दिलं. नवव्या दिवशी उन्हात डोळा लागला, आणि मग ते रोजच मनसोक्त झोपू लागले.

ते परतले तेव्हा वडाखाली बेडूक प्रवचन देत होता. आता आपली गरज कुणाला उरली नाही, असं गुरुजींना वाटलं. ते मागे म्हशीशेजारी जाऊन बसले. बेडूक एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागला, तशी त्यांना मोठी जांभई आली.

म्हैस कुजबुजली, "डोळे मिटा आणि अधूनमधून मान हलवा, म्हणजे ऐकतोय असं वाटतं. आम्ही वीस वर्षं हेच करतोय."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी प्रवचन दिलं आणि चार वाक्यांत संपवलं. म्हैस शेवटपर्यंत जागी होती.