हत्तीखान्यातली पोळी

"आठवड्याभरात माझा संगणक पाचपट वेगाने चालला पाहिजे," महाराज म्हणाले. "नवीन यंत्र मिळणार नाही. जमलं नाही, तर संगणकशाळेचा कारकून केरबा सीमेपार!"

केरबाला दुखणे ठाऊक होते, पण बोलायची सोय नव्हती. दौलतीचे सगळे कागद संगणकातल्या ज्या फिरत्या चकतीवर साठवत, तिची मांडणी खुद्द महाराजांची. कोणता कागद कुठे आहे याची यादी मानाने अगदी पहिल्या कडेला. कागदांचे मात्र बारीक तुकडे करून फट दिसेल तिथे कोंबलेले. वाचणारा दांडा यादीकडे धावे, मग तुकड्याकडे, मग चकतीच्या दुसऱ्या टोकाच्या तुकड्याकडे.

केरबाची बहीण बयजा मुदपाकखान्यात वाढपी होती. तिला त्याने सगळे सांगितले. "दादा, आज महाराजांना मी वाढते," ती म्हणाली.

महाराज पानावर बसले. बयजा देवडीवर गेली, कोणता चतकोर कुठे ठेवलाय याची यादी वाचली आणि हत्तीखान्यातून चतकोर पोळी घेऊन आली. पुन्हा देवडी. दुसरा चतकोर गच्चीवर होता. तासाभरात पानात दीड पोळी पडली, तीही गार.

"ही वाढायची कुठली तऱ्हा?"

"आपलीच, महाराज. चकतीवर असंच वाढतात. अन्न आहे, वाढपीही आळशी नाही. चालण्यातच दिवस जातो."

शेजारच्या पानावरचे दिवाणजी खोकले. महाराज भुकेले होते, म्हणून त्यांनी ऐकून घेतले. "मग कसं वाढावं?"

"चकतीचे पट्टे पाडा, ज्याची त्याची यादी त्याच्याच उशाशी. एका प्रकरणाचे कागद शेजारीशेजारी. तुकडे मोठे, घासाघासाला खेप नको. आणि दहावा हिस्सा मोकळा सोडा, म्हणजे नव्या कागदाला आपल्या प्रकरणाशेजारी जागा मिळेल."

केरबाने तीन दिवसांत तसे केले. कागद झरझर येऊ लागले. पण महाराजांची नजर मोकळ्या हिश्शावर गेली.

"एवढी जागा फुकट? आजच भरा. नाहीतर केरबा सीमेपार!"

"भरू की," वाढता वाढता बयजा म्हणाली. "पंगतीतही पाटाला पाट भिडवून दालन गच्च भरू. मग वाढपी पाय ठेवील तो दिवाणजींच्या आमटीत, नाहीतर आपल्या श्रीखंडात."

महाराज पोट धरून हसले. ते हसले म्हणून दिवाणजीही हसले.

"केरबा इथेच राहील," महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि चकतीवर कुणाला कुठे बसवायचं, ते आजपासून बयजा ठरवील. दिवाणजी, त्या बाबतीत कुणाचं ऐकायचं नाही. माझं तर मुळीच नाही!"