गालावरची तीट

एका राज्यात राजापेक्षा राजाच्या बागेचा थाट मोठा. त्या बागेचं चित्र काढायला राजा मंदारसेनाने रेखानाथ जादूगार बोलावला. त्याने शिसपेन्सिलीने बाकावरचे म्हातारे काढले, छत्रीवाल्या बाया काढल्या. ज्याला काढावं तो बागेतून नाहीसा व्हावा नि कागदात जाऊन बसावा. केवडा माळणीची दोन वर्षांची सोनुली कारंज्यात एक पाय घालून उभी होती. तीही गेली.

केवडा दरबारात आली. "महाराज, माझी लेक द्या."

"बघ तरी, किती हुबेहूब आहे."

"हुबेहूब घेऊन काय करू? पोर सकाळपासून उपाशी आहे."

रेखानाथ म्हणाला, "तीन कामं कर, लेक सुटेल. पण दिवस मावळला की चित्राला काच बसेल. मग कोणी सुटणार नाही."

पहिलं काम, आटलेल्या विहिरीचं पाणी. विहीर म्हणाली, "आधी गाळ काढ." केवडाने पुटपुटत गाळ काढला, पाणी आणलं.

दुसरं काम, बोलक्या साळुंकीचं सोनेरी पीस. साळुंकीने पीस दिलं नि पाठोपाठ उडत आली.

"पोराला असं एकटं सोडतात का, बाई?"

"तू चार पोरं वाढव, मग शिकव."

"सहा वाढवलीत."

केवडाने पीस अंबाड्यात खोचलं नि पाय उचलला.

तिसरं काम रेखानाथाने हसत सांगितलं. "चित्रात एक डाग दाखव. डागाच्या चित्रात माझी जादू टिकत नाही."

केवडाने चित्रातल्या झाडांचं पान न् पान पाहिलं. डाग कुठेच नाही. ऊन भिंतीवर चढलं, काचवाला काच पुसू लागला.

"झाडं काय बघतेस? लेक बघ," साळुंकी करवादली.

केवडाने पाहिलं. सोनुलीचा गाल कोरा. सकाळी महालात फुलं पोचवायच्या घाईत तीट लावायचीच राहिली होती.

"चूक माझीच," ती म्हणाली.

"मग हरलीस," रेखानाथ म्हणाला.

"हरले तर हरले. पण पोर अशी कोऱ्या गालाने चारचौघांसमोर टांगू देणार नाही."

तिने आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं नि चित्रातल्या गालावर टेकवलं.

चित्राला डाग लागला. जादू मोडली. म्हातारे कंबर धरत बाहेर आले, बायांनी छत्र्या मिटल्या. रेखानाथाच्या हातात पेन्सिलीचा भुगा उरला. सोनुली आली ती एक पाय ओला घेऊन.

"आई, भूक."

"आधी पाय पूस," केवडा म्हणाली, नि तिला उराशी धरून बसली.

राजाच्या हाती उरला कोरा कागद, त्यावर एक काळा ठिपका. "आता याचं काय करू?"

"बागेच्या दाराला लावा, महाराज. दृष्ट लागायची नाही," केवडा म्हणाली.

राजाने लावला. तेव्हापासून कागद दारावर, माणसं बागेत, नि सोनुली आईच्या नजरेपुढे.