बारीक अक्षरातला हुकूम

माझी इंदूमावशी मिरजेत सरकारी औषध निरीक्षक होती, तेव्हाची गोष्ट. एका कलपानं आमच्या गल्लीतल्या चार बायकांचे डोळे सुजले. मावशी तडक कारखान्यात गेली. मालक मगदूमशेट हसून म्हणाले, "बाई, डोळ्यांना धोका आहे असं बाटलीवर छापलंय. लोक वाचत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

मावशीनं तिथंच एक कागद लिहून पुढं केला. शेटनी चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला. "एक अक्षर दिसेल तर शपथ!"

"तुमच्या बाटलीवरच्या अक्षराएवढंच लिहिलंय. आजपासून विक्री बंद, असा हुकूम आहे. तुम्हाला वाचता येत नाही, त्याला सरकार काय करणार?"

पुढच्या बाटल्यांवर इशारा ठळक छापून आला. मावशी आता नाही. पण औषधाच्या दुकानात एखादी म्हातारी बाटलीवरचं सहज वाचताना दिसली, की तिची फार आठवण येते.