कोरड्या फळ्यांची नाव

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची ही गोष्ट. नगर आटपाट होतं की नाही मला ठाऊक नाही, पण नदी चांगली रुंद होती आणि तिच्यावर एक नावाडीण नाव चालवत होती. वल्हं तिला बापाकडून मिळालं होतं. नवरा विणकर, माणूस सोन्यासारखा, पण पाण्याला भिणारा.

त्या नदीचा एक नियम होता. चैत्रात पाणी आटलं की नाव छपराखाली चढायची, ती पूर ओसरल्यावर दसऱ्यालाच माणसं घेऊन निघायची. नाव ज्या घरची, त्या घरच्या माणसानं त्या दिवशी भरली नाव पलीकडे न्यायची आणि सूर्य मावळायच्या आत भरूनच परत आणायची. हे जमलं नाही, तर नाव चालवायचा मान वरच्या गावाकडे जायचा.

आणि नेमकी आषाढात नावाडीण बाळंत झाली. मुलगी झाली, छान गुटगुटीत.

सासूनं तिला खाटेवरून पाऊल खाली टाकू दिलं नाही. वारं लागेल, कंबर धरेल, एक ना दोन. नावाडिणीनं सव्वा महिना ऐकलं. मग एका सकाळी उठली, कुणाची तरी लहान डोणी मागून आणली, तिच्यात दगड भरले आणि गावाजवळच्या डोहात वल्हवू लागली. सकाळी जायची ती दुपार कलल्यावर यायची. फडक्यातली भाकरी तशीच परत यायची. तहान लागली तर म्हणायची, ही फेरी झाली की पिते. दुपारी बाळाशेजारी अंग टाकणं तिला आळशाचं काम वाटायचं. जिद्द फार चांगली हो, पण जिद्दीला पोट नसतं आणि माणसाला असतं.

पंधरा दिवसांत दंड भरायचे राहिले बाजूला, वल्हं हातात ठरेना. दूध कमी झालं. मुलगी छातीशी ओढओढ ओढायची आणि रडायची. तिच्या मांडीवरची वळी उतरलेली दिसली, तेव्हा नावाडिणीनं तिला घट्ट जवळ घेतलं. सासू म्हणाली, वल्हं सोड. नवरा म्हणाला, मान गेला तर जाऊ दे. पण तिला वल्हंही सोडायचं नव्हतं आणि लेकीला अर्धपोटीही ठेवायचं नव्हतं.

दसऱ्याला वीस दिवस उरले. ती नावा दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या सुताराकडे गेली आणि म्हणाली, डोणीवर काही भागत नाही, नाव बाहेर काढा, उद्यापासून भरूनच वल्हवते.

म्हाताऱ्यानं रंधा बाजूला ठेवला. "सहा महिने कोरडी पडलेली नाव उद्या भरून नेऊ म्हणतेस?"

ती कपाळाला हात लावून म्हणाली, "तशी नेली तर बुडेल, बाबा."

"मग कशी नेतात? माझं वय झालं, विसरलो."

तिनं जरा चिडूनच सांगितलं. आधी फळ्यांना पोटभर तेल द्यायचं. मग उथळ पाण्यात नुसती ठेवायची. फळ्या पाणी पितात, फुगतात, फटी मिटतात. मग रिकामी एक फेरी, मग एक माणूस, मग दोन. फेरी झाली की सावलीत बांधायची. आणि छपराखालीच ठेवली तर फळ्या उकलतात, तेही तिनंच सांगितलं.

"नावेचं एवढं कळतं तुला, पोरी," म्हातारा म्हणाला. "ती तर नुसती लाकडाची आहे."

नावाडीण तशीच मागे वळली. मग घरी गेली आणि जेवायला बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सगळं बदललं. आधी मुलीला पाजायचं, मग स्वतः भाकरी, वरण, शेपूची भाजी खायची, वर तिळाचा लाडू. पाजायला बसली की शेजारी पाण्याचा तांब्या. पहिले दिवस ती काठाकाठानं नुसती चालली. मग रिकाम्या डोणीत एक फेरी, मग दोन, शेवटी दगड भरून. मुलगी झोपली की तीही झोपायची. स्वयंपाक नवऱ्यानं घेतला. पहिली भाकरी करपली, ती तिनं हसत खाल्ली. हळूहळू दूध वाढलं. मुलीच्या मांडीवर वळी परत आली, तेव्हा सासू स्वतः वल्हं पुसून ठेवू लागली.

तेल आणि पाणी पिऊन फुगलेली नाव दसऱ्याला माणसांनी भरली. पहिली चढली ती सासू, नातीला पोटाशी धरून. नावाडिणीनं नाव पलीकडे नेली, परतीची माणसं चढवली आणि स्वतः मुलीला घेऊन झाडाखाली बसली. पाजलं, लाडू खाल्ला, पाणी प्यायली, पाय पसरले. तिथंच वरच्या गावचा पाटील मान न्यायला टपून उभाच होता. तो म्हणाला, "अगं, सूर्य कलला. नाव भरली की, निघ आता."

"नाव भरली, पाटील," ती शांतपणे म्हणाली. "नावाडीण अजून भरायची आहे."

मग ती उठली आणि एका दमात भरली नाव अलीकडे आणली. सूर्य अजून हातभर वर होता. मान घरातच राहिला आणि मुलगी आजीच्या मांडीवर भरल्या पोटी झोपली होती. म्हणतात, तेव्हापासून त्या नदीवर एखादी आई पाजत बसली असेल, तर नाव तिच्यासाठी थांबते.

तात्पर्य: दुसऱ्याचं पोट भरणाऱ्या देहाला आधी अन्न द्यावं, मग विसावा द्यावा आणि काम हळूहळू वाढवावं, तरच तो पैलतीरी नेतो.