शनीचा आठ

दूध संघाच्या ऑफिसात सकाळपासून आरडाओरडा चालला होता. डोंगराकडच्या शीतकेंद्राशी कॉम्प्युटरची लिंक तुटली होती. दुधाच्या नोंदी येत नव्हत्या, म्हणून सात टँकर उन्हात अडकले होते आणि चाळीस गावांचं दूध नासायला टेकलं होतं.

ऑपरेटर मंदाकिनी गुरव यांनी लिंकची फाइल उघडली. केंद्राच्या नंबरात शेवटी आठच्या जागी नऊ होता.

"मीच काल बदलून घेतला," अध्यक्ष आनंदराव डुबल मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आठ शनीचा! आता नऊला हात न लावता लिंक जोडा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"जोडते साहेब. पण आधी वहिनीसाहेबांना फोन करा, जेवायला उशीर होईल म्हणून. त्यांच्याही नंबरात शेवटी आठ आहे, तिथे नऊ दाबा."

"वेड लागलंय का बाई? भलत्याच घरी लागेल! नंबर तिचा आहे, माझ्या मनाने कसा बदलेल?"

बोलून गेले आणि अध्यक्षांनी जीभ चावली.

बाईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "हवं तर मशीनला लिंबू-मिरची मी स्वतः बांधते."

"बांधा," अध्यक्ष हळूच म्हणाले, "पण आधी आठ करा."