आणण्यास उशीर

“इतक्या उशिरा का आणता रे तुम्ही लेकरांना?”

डॉक्टर निशिकांत वॉर्डमध्ये कडाडले.

समोर जेमलीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिची दोन वर्षांची पोर नुकतीच गेली होती. साध्या जुलाबानं. अंगातलं पाणी सरलं, एवढंच.

डॉक्टरांचा संताप खोटा नव्हता. जिल्ह्याच्या या रुग्णालयाचे ते प्रमुख. जगातल्या गरिबातल्या गरिबाला सारखा उपचार कसा मिळेल, यावर पुढच्या आठवड्यात परदेशात भाषण होतं त्यांचं. ते ऐकवायला त्यांनी आपल्या गुरूंना, इनामदार बाईंना, मुद्दाम बोलावलं होतं. उभा जन्म पाड्यांवर डॉक्टरकी केलेल्या बाई.

“बघितलंत ना, बाई? यंत्रं आहेत, औषधं आहेत. ही माणसंच वेळेवर येत नाहीत. आम्ही करायचं काय?”

इनामदार बाई जेमलीबाईशेजारी फरशीवर बसल्या... आणि हातानंच डॉक्टरांना खाली बसवलं.

“घरून कधी निघालीस, बाय?”

“काल. कोंबडा आरवला तवा. पोर पाणी मागत व्हती.”

“मग?”

“पाड्यावरच्या दवाखान्याला कुलूप. नर्सबाईंची बदली झाली, दुसरी आलीच न्हाई. डोंगर उतरून मोठ्या गावी गेले. तिथं म्हणाले, डॉक्टर मीटिंगला गेलेत, मीठ-साखरेच्या पुड्याबी संपल्यात. तालुक्याला जा.”

“गेलीस?”

“गेले. उन्हं कलेपर्यंत रांगेत व्हते. मग म्हणाले, हितं जमणार न्हाई, जिल्ह्याला न्या. गाडी न्हवती. सकाळी दुधाच्या टेम्पोत बसले...”



डॉक्टरांची मान खाली गेली.

“मला हे ठाऊक नव्हतं, बाई.”

“विचारलं होतंस?”

बाईंचा आवाज इतका चढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांच्या हातातला केसपेपर बाईंनी ओढून घेतला. शेवटची ओळ डॉक्टरांच्याच अक्षरात होती : ‘आणण्यास उशीर.’

बाईंनी पेन मागितलं. ते दोन शब्द असे खोडले, की कागद फाटला.

“...मग काय लिहू?”

“लिही. आई वेळेवर आली होती. तीनदा.”