येसूची पिसांची माशी

नदीच्या वळणावरच्या एका गावात गळाने मासे धरणारा येसू भोई राहत होता. कोंबड्याची पिसं रेशमी दोऱ्याने गळावर गुंडाळून तो अशी माशी बनवी, की ती आता उडेल असं वाटे. ती पाण्यावर अलगद नाचवली, की मासा खालून झेप घेई.

त्या गावाची एक रीत होती. नवा गळ पाण्यात टाकण्याआधी त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा दगडाने दाबून सपाट करायचा. मग एखादं पिल्लू किंवा गाभोळीची मादी लागली, तर तिला इजा न करता सोडता येई.

आश्विन लागला. पाऊस ओसरला, नदी निवळली. खालच्या डोहात एक थोराड महाशीर मासा सलग दोन दिवस येसूच्या गळाला लागला आणि दोन्ही वेळा निसटला. तिसऱ्या दिवशी येसूने नवा गळ घेतला, पण त्याचा काटा दाबलाच नाही.

म्हातारे धर्माकाका काठावर तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "येशा, काटा उभाच ठेवलास की रे!"

"दाबला की मासा सुटतो, काका."

"सुटावा म्हणूनच दाबतात. गळाला कोण लागेल, ते तू थोडंच ठरवणार?"

"ही माशी मी महाशिरासाठीच बांधलीय," येसू हसला. "तुम्ही घरी कालवणाचं सांगून ठेवा."

त्याने दोरी मागे झोकून पुढे फेकली. माशी हवेत तरंगली. ती पाण्याला टेकण्याआधीच एक निळी रेघ सर्रकन आली. दोरी ताणली गेली, पण खाली नव्हे, वर!

गळाला भिंगरी लागली होती. पाण्यावरचे किडे टिपत फिरणारा तो चिमुकला पक्षी! तिच्या शेपटीतलं तारेसारखं एक लांब पीस अर्धं तुटलेलं होतं. येसूने तिला लगेच ओळखलं. त्याच्याच ओसरीच्या वाशाला मातीचं घरटं बांधून राहिलेली ही भिंगरी. त्याची बायको हौसा तिला 'आमची माहेरवाशीण' म्हणायची.

तो गळ सोडवू लागला. काटा मागे येईना. जितकं ओढावं तितका तो रुते. येसूच्या तळहातावर इवलीशी छाती धडधडत होती. मग ती धडधड थांबली.

घरी हौसा ओसरीवर उभी होती. वर घरट्यात चार पिवळ्या चोची ओरडत होत्या. नर एकटाच ये-जा करत होता.

"मघापासून ती आली नाही हो," हौसा म्हणाली.

येसूने मूठ उघडली. हौसाने तोंडावर पदर धरला.

"तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

येसू गोठ्यात गेला. हुबेहूब खोट्या माश्या बांधणारा तो माणूस दुपारभर खऱ्या माश्या धरत राहिला. शिडीवर चढून त्याने त्यातली एक चिमटीत पुढे केली. गळ बांधणारी तीच बोटं पाहून चारही चोची एकदम उघडल्या.

येसूला वर बघवेना.

तात्पर्य: आमिष लावणाऱ्याला वाटतं, फसणारा आपण निवडला आहे, पण ते कोण गिळेल, हे त्याच्या हाती नसतं. म्हणून चूक झाली तर मागे फिरता येईल, एवढी वाट नेहमी मोकळी ठेवावी.